अवघड जागी दुखणे, आणि शिष्य वैद्य

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण वर्गात शिकवताना मुले खुदकन हसत आणि मीही हसू आवरीत घाईने पुढच्या म्हणीकडे वळे. एवढ्याशा वाक्यात आपल्या पूर्वजांनी केवढी व्यथा साठवून ठेवली आहे, याचा उलगडा व्हायला मला वयाची चोपन्न वर्षे पुरी करावी लागली. दुखणे असते, त्यावर उपाय असतो, उपाय जाणणारा माणूसही हाताशी असतो. आणि तरीही रोगी तोंड उघडत नाही. कारण जागा अवघड!

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीला जोडून रजा घेऊन मी मूळव्याधीची शस्त्रक्रिया करून घेतली. माझा जावई वैद्य नाही, पण दैवाने म्हण थोडी फिरवून माझ्यावर उलटवली. ज्या शल्यविशारदांसमोर मला त्या स्थितीत आडवे व्हावे लागले, ते तीस वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असत. शस्त्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासात आटोपली. त्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. भूल दिलेल्या माणसाला सांगण्यासारखे असणार तरी काय? सांगायचे आहे ते त्यानंतरच्या तीन आठवड्यांविषयी. त्या दिवसांविषयी आपल्या समाजात कोणी कोणाशी बोलत नाही, आणि न बोलल्यामुळे जे दुःख निम्म्याने कमी होऊ शकते, ते दुपटीने भोगले जाते. मी स्वतः तसे भोगले. वाचकांपैकी एखाद्या कुटुंबाला तरी ते टळावे, म्हणून संकोच बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

नाव नसलेला आजार

इंदुरातील रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात या आजाराला नाव नव्हते. वडिलांना तो होता, हे मला आज कळते. त्या वेळी एवढेच कळे की, वर्षातून काही दिवस वडील जेवताना पाटावर नीट बसत नसत, एका अंगावर कलून बसत, आणि आई आम्हां मुलांना दटावून म्हणे, “आज त्यांना त्रास देऊ नका, त्यांचा तो त्रास सुरू झाला आहे.” न्हाणीघरात तांब्याचे एक रुंद घंगाळ होते. ‘त्या त्रासाच्या’ दिवसांत आई त्यात कोमट पाणी ओतून ठेवी आणि वडील दार लावून बराच वेळ आत राहत. आम्ही बाहेर शाळेच्या घाईने ताटकळत असू. ते आत काय करीत, हे विचारण्याची आमची छाती नव्हती आणि सांगण्याची त्यांची रीत नव्हती.

वारसा घराचा मिळतो तसा मौनाचाही मिळतो. मला स्वतःला सहा-सात वर्षे रक्त पडत होते. ‘उष्णता वाढली असेल’ म्हणून मी ताक पीत राहिलो, सुरणाची भाजी खात राहिलो आणि घरात कोणाला काही कळू दिले नाही. अखेर जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेआठवर आले होते. डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती ही, की मूळव्याध आहेच असे गृहीत न धरता मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करवली. त्यांनी सांगितलेले वाक्य प्रत्येक घरात पोचले पाहिजे : शौचावाटे जाणारे रक्त मूळव्याधीचे असते तसे आतड्याच्या कर्करोगाचेही असू शकते, आणि दोन्ही रक्तांचा रंग पाहून घरबसल्या निवाडा करता येत नाही. माझ्या तपासणीत तसे काही निघाले नाही. पण सहा वर्षे मी लाज राखली, त्या सहा वर्षांत काय होऊ शकले असते, या विचाराने त्या रात्री झोप आली नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मूळव्याध झाली की शस्त्रक्रिया केलीच पाहिजे, असे मुळीच नाही. वैद्यकात तिच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवर कोंब आतच राहून रक्त येते. दुसरीत ते शौचाच्या वेळी बाहेर येऊन आपोआप आत जातात. तिसरीत हाताने सारावे लागतात. आणि चौथीत ते आत जातच नाहीत. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बहुतेक लोक आहार सुधारून, औषधांनी किंवा कोंबाच्या मुळाशी रबरी कडे बसवण्यासारख्या लहान उपायांनी बरे होतात. मी चौथ्या पायरीवर जाऊन पोचलो होतो. तिथवरचा प्रवास हा रोगाचा कमी आणि माझ्या मौनाचा अधिक होता.

इतके दुखते कशामुळे?

“लहानशी तर शस्त्रक्रिया, मग वेदना एवढी मोठी का?” हा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्याला, म्हणजे डॉक्टरांना, विचारला. त्यांनी कागदावर आकृती काढून मला समजावले. गुदद्वाराच्या आत साधारण दोन-तीन सेंटिमीटरवर एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या भागाला कापल्याची वा टोचल्याची जाणीव जवळजवळ नसते. म्हणूनच आतली मूळव्याध वर्षानुवर्षे फारशी न दुखता रक्त सांडू शकते. रेषेच्या खालची त्वचा मात्र कमालीची संवेदनशील आहे. शस्त्रक्रियेची जखम या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरते.

लंडनमधील मिलिगन आणि मॉर्गन या शल्यविशारदांनी १९३७ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, ती आजही सर्वत्र वापरली जाते. तीत कोंब काढून जखमा मुद्दाम उघड्या ठेवतात, म्हणजे त्या तळापासून भरत येतात. पण उघडी जखम, आणि तीही अशा वाटेवर की जिथून रोज मलाला जावे लागते! त्यातच वेदनेमुळे गुदद्वाराभोवतीचा स्नायू आवळून बसतो. स्नायू आवळला की रक्तपुरवठा कमी होतो आणि वेदना वाढते. वेदना वाढली की तो आणखी आवळतो. अलीकडे स्टेपलर यंत्राने वा रक्तवाहिनी बांधून करण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. त्यांत वेदना कमी असते, परंतु पुन्हा उद्भवण्याचा संभव जास्त असतो, आणि त्या प्रत्येक रोग्याला योग्य ठरतात असेही नाही. कोणती पद्धत आपल्याला लागू, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. विचारण्यात उणेपणा नाही.

मी केलेल्या तीन चुका

आता माझी फजिती सांगतो. शस्त्रक्रिया सकाळी झाली. शेवटी डॉक्टरांनी जखमेभोवती बधिर करणारे इंजेक्शन दिले होते, त्यामुळे सायंकाळपर्यंत मला काहीच जाणवेना. भेटीला आलेल्या मेहुण्यांना मी फुशारकीने म्हणालो, “लोक उगीच बाऊ करतात.” परिचारिकेने गोळ्या आणल्या, तेव्हा ‘दुखतच नाही तर गोळी कशाला? उगीच सवय लागायची आणि उष्ण पडायची’ असे म्हणून मी त्या उशाशी ठेवून दिल्या. ही पहिली चूक. बधिरता ओसरली ती रात्री, आणि ओसरली तेव्हा एकदम ओसरली. पेटलेली वेदना विझवणे हे पेटू न देण्याहून किती अवघड असते, ते मी त्या रात्री शिकलो.

दुसरी चूक त्याच रात्रीची. सकाळपासून मला लघवी झाली नव्हती. पोट तडस लागून टणक झाले होते. परिचारिका माझ्या मुलीच्या वयाची. तिला हे सांगायचे कसे, या विवंचनेत मी अकरा वाजेपर्यंत घामाघूम होत पडून राहिलो. शेवटी तिनेच पोटावर हात ठेवून ओळखले आणि नळी घालून मोकळे केले. कण्यातून दिलेली भूल आणि त्या भागातली वेदना यांमुळे पुष्कळांची लघवी अशी तुंबते, हे मला नंतर कळले. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर सांगितलेच पाहिजे. तिच्या लेखी ती रोजची गोष्ट होती. माझ्या लेखी मात्र मी चार तास निष्कारण शिक्षा भोगली होती.

तिसरी चूक सर्वांत मोठी. शौचाच्या कल्पनेने माझ्या मनात एवढी धास्ती बसली की, मी खाणेच सोडले. घरी आल्यावर दोन दिवस नुसता चहा आणि घोटभर पाणी. ‘पोटात काही गेले नाही, तर बाहेरही काही येणार नाही’ असे माझे गणित! सौभाग्यवतींनी इसबगोल भिजवून समोर ठेवले की मी “नंतर घेतो” म्हणून टाळी. पण आतडे रिकामे राहत नसते. त्यात जे होते ते पाण्यावाचून सुकून दगडासारखे झाले, आणि चौथ्या दिवशी ते बाहेर पडले तेव्हा काय झाले, ते सभ्य मासिकाच्या पानांवर लिहिण्याजोगे नाही. मी भिंतीला डोके टेकून उभा राहिलो, आणि चोपन्न वर्षांच्या मुख्याध्यापकाच्या डोळ्यांतून पाणी आले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या दुपारी डॉक्टर घरी आले. सर्व ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, “सर, वर्गात ज्याला समजले नाही त्याच्यावर तुम्ही कधी रागावला नाहीत. ज्याला समजले नाही आणि तरी जो गप्प बसला, त्याच्यावर रागवायचात. आता मी कोणावर रागावू?”

घड्याळाची गोळी

त्या दिवसापासून आमच्या घरी शिस्त आली. सौभाग्यवतींनी एक वही घातली. डाव्या बाजूला वेळ, मध्ये औषध, उजव्या बाजूला वेदनेचे गुण. डॉक्टर मंडळी वेदना शून्य ते दहा अशी मोजायला सांगतात. जन्मभर दुसऱ्यांना गुण दिलेल्या माणसाला हे काम आवडले. शस्त्रक्रियेच्या रात्रीला मी आठ दिले, चौथ्या दिवसाला साडेनऊ. सातव्या दिवशी आकडा चारवर आला, आणि चौदाव्या दिवशी दोनवर. वेदनेला आकडा दिला की तिचे भूत होत नाही, आणि डॉक्टरांनाही ‘फार दुखते’ या मोघम शब्दापेक्षा आकड्यावरून नेमके काय करायचे ते उमगते.

गोळ्यांविषयीचा नियम साधा होता. पहिले काही दिवस वेदनेची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे गोळी घ्यायची. माझ्या चिठ्ठीत पॅरासिटामॉल दर सहा तासांनी होते. त्याच्या जोडीला सूज उतरवणारी दुसरी एक गोळी जेवणानंतर. आणि तिसरी, कडक जातीची, अगदीच सोसेनासे झाले तर. तिसरीविषयी डॉक्टरांनी बजावले होते : ट्रामाडॉल, कोडीन यांसारख्या अफूवर्गीय गोळ्या वेदना मारतात, पण त्याच वेळी शौच बांधून ठेवतात. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतात. त्या कमीत कमी घ्याव्यात आणि घेतल्याच, तर सोबत शौच मऊ करणारे औषध चुकवू नये.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पॅरासिटामॉल हे सर्दी-तापाच्या अनेक संयुक्त गोळ्यांतही असते. निरोगी प्रौढाने सर्व मिळून दिवसात चार ग्रॅमची, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची, मर्यादा ओलांडू नये. यकृताचा विकार असलेल्यांची, मद्यपान करणाऱ्यांची आणि अगदी कृश माणसांची मर्यादा त्याहून कमी असते. सूज उतरवणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण, दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना धोक्याच्या ठरू शकतात. म्हणून आपले जुने आजार आणि जुनी औषधे डॉक्टरांना आधीच सांगावीत. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी आपण घेऊ नये.

याखेरीज जखमेवर लावायचे मलम असते. काही मलमे बधिर करणारी असतात. काही आवळलेला स्नायू सैल करणारी. दुसऱ्या प्रकारातल्या नायट्रोग्लिसरिनच्या मलमाने काहींचे डोके दुखते. तसे झाले तर डॉक्टर डिल्टियाझेमसारखे दुसरे मलम देतात. मला दुसरेच मानवले. हळद, तुरटी, तूप यांतले जे जे प्रेमळ आप्तेष्ट सुचवतील ते ते उघड्या जखमेला लावू नये. सल्ला देणाऱ्यांना चहा द्यावा आणि मलम डॉक्टरांचेच लावावे.

वडिलांचे घंगाळ

चौथ्या दिवशी सायंकाळी डॉक्टरांनी सांगितले, “सर, रुंद टबात कोमट पाणी घ्या आणि दहा-पंधरा मिनिटे त्यात बसा. दिवसातून तीन वेळा, आणि शौचाला जाऊन आल्यावर प्रत्येक वेळी.” मी नव्या प्लास्टिकच्या टबात बसलो. पाण्याची ऊब हळूहळू आत उतरली, आवळलेली मूठ कोणीतरी एकेक बोट करून उघडावी तसा तो स्नायू सैल झाला, आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच माझा श्वास मोकळा झाला. त्या क्षणी न्हाणीघराचे ते बंद दार मला आठवले. चाळीस वर्षांपूर्वी वडील दाराआड काय करीत, ते त्या टबात बसल्यावर मला कळले. घरात हा उपाय ठाऊक होता, आईला ठाऊक होता, घंगाळही होते. फक्त कोणी बोलले नव्हते. म्हणून तो माझ्यापर्यंत वारशाने आला नाही, चिठ्ठीवरून आला.

वैद्यकीय भाषेत याला सिट्झ बाथ म्हणतात. जर्मन भाषेतील ‘बसणे’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले. आपल्या निसर्गोपचारात यालाच कटिस्नान म्हणतात, आणि आयुर्वेदाने स्वेदाच्या प्रकारांत ऊन द्रवात बसण्याला ‘अवगाह’ असे सुंदर नाव दिले आहे. सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आणि या व्याधीला आठ महारोगांत स्थान दिले. म्हणजे प्राचीनांनी ज्याची गणना एवढ्या गांभीर्याने केली, त्याचा उच्चार करायला आपण लाजतो.

पाणी कोमटच हवे. कोपर बुडवून पाहावे; कोपराला सोसेल तेच जखमेला सोसते. जास्त कडक पाण्याने लवकर आराम पडेल, ही समजूत चुकीची आहे. त्वचा भाजू शकते. मीठ, जंतुनाशक असे काहीही घालण्याची गरज नाही. साधे स्वच्छ पाणी पुरते. टबातून उठताना वृद्धांना भोवळ येऊ शकते, म्हणून दाराला आतून कडी लावू नये आणि हाकेच्या अंतरावर कोणी असावे. नंतर मऊ पंचाने टिपून कोरडे करावे, घासू नये. शौचानंतर कागदाने पुसण्यापेक्षा पाण्याने धुणे केव्हाही बरे. याबाबतीत आपली जुनी रीतच श्रेष्ठ!

घोड्याचा कान आणि इंदुरी शेव

खाण्याच्या बाबतीत आम्हां इंदूरकरांची परीक्षाच असते. पोह्यांवर शेव आणि जिरावन नसेल, तर आमची सकाळ उजाडत नाही. त्यातून दिवाळीचे दिवस. घरात चिवडा-चकलीचे डबे भरलेले आणि मी बाजूच्या खोलीत मूगडाळीची मऊ खिचडी खात पडलेला. पण खाणे सोडण्यापेक्षा खाणे बदलणे हाच मार्ग आहे, हे मी शिकलो होतो. पहिले काही दिवस तिखट, तळलेले वर्ज्य केले. वरणभात, दुधी, पडवळ, पालक, पपई, ताक यांवर भर दिला. मग हळूहळू ज्वारीची भाकरी आणि सालीसकट मूग. चोथा असलेले अन्न रोज पंचवीस-तीस ग्रॅम चोथा पोटात जाईल इतके असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो नुसत्या मैद्याच्या बिस्किटांनी आणि साबुदाण्याने साधत नाही. दिवसाला आठ-दहा पेले पाणी तर हवेच. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायचे असेल, त्यांनी डॉक्टरांच्या मापाने घ्यावे.

इसबगोल हे आमच्या माळव्याचेच पीक. नीमच-मंदसौरकडे ते पुष्कळ होते. शब्द मुळात फारसी. ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘गोल’ म्हणजे कान. बी घोड्याच्या कानाच्या आकाराचे दिसते म्हणून हे नाव. त्याचा भुसा पाणी शोषून फुगतो आणि मल मऊ व भरीव ठेवतो. पण याच गुणामुळे ते कमी पाण्याबरोबर घेणे धोक्याचे. मोठा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावे आणि वर आणखी पाणी घ्यावे. त्याने भागले नाही तर लॅक्ट्युलोजसारखे पातळ औषध डॉक्टर देतात. मात्र तीव्र जुलाब घेऊ नये; पातळ शौचाच्या खेपांनीही जखम हुळहुळते. मऊ केळ्यासारखी घडण असावी, एवढेच उद्दिष्ट.

शौचाची भावना झाली की ती दाबून धरू नये आणि भावना नसताना कुंथत बसू नये. कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि वाट सरळ होते. आणि तेथे वर्तमानपत्र वा मोबाइल नेऊ नये. या शेवटच्या सूचनेने मी ओशाळलो. कारण माझी तीस वर्षांची संपादकीये तेथेच वाचून झाली होती!

कधी थांबू नये

दिवसभर निजून राहू नये. दुसऱ्या दिवसापासूनच घरातल्या घरात थोडे चालावे. चालण्याने आतडेही चालते. बसताना साधी मऊ उशी घ्यावी. मधोमध भोक असलेली रबरी उशी पुष्कळजण आणतात; परंतु तिच्यावर फार वेळ बसल्याने जखमेवर ताण येतो, म्हणून ती टाळावी असे मला सांगण्यात आले. पाण्याची बादली, गॅसचे नळकांडे, नातवंडे यांतले काही उचलू नये, आणि डॉक्टर सांगेपर्यंत स्कूटरवर बसू नये. जखम पूर्ण भरायला चार ते सहा आठवडे लागतात. वेदना मात्र बहुधा दोन आठवड्यांत सोसण्याजोगी होते.

शौचाबरोबर रक्ताचे चार थेंब दिसणे, किंचित स्राव येणे हे पहिल्या दिवसांत चालायचेच. परंतु पुढील गोष्टी दिसल्यास रात्र-अपरात्र न पाहता रुग्णालय गाठावे : रक्ताची धार लागणे किंवा गुठळ्या पडणे, थंडी वाजून ताप, लघवी न होणे, कमी होत आलेली वेदना उलट वाढू लागणे, दुर्गंधीयुक्त पू, चक्कर येऊन घाम फुटणे. यांपैकी रक्तस्राव सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास, म्हणजे आता सारे ठीक झाले असे वाटत असताना, अवचित होऊ शकतो. मधुमेह्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी विशेष जपावे.

शाळेतील कबुली

रजेच्या अर्जावर मी ‘पाठीचा विकार’ असे लिहिले होते. तीन आठवड्यांनी शाळेत गेलो, खुर्चीवर उशी ठेवली आणि शिक्षकवृंदाने पाठीची आपुलकीने चौकशी केली. एकाने तर कमरेचा पट्टाही आणून दिला. दोन दिवस मी तो पट्टा बांधून हिंडलो. तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत माझे मलाच असह्य झाले, आणि सर्वांसमक्ष सांगून टाकले की, माझी पाठ ठणठणीत आहे, शस्त्रक्रिया मूळव्याधीची झाली. क्षणभर खोलीत शांतता पसरली. कोणी हसले नाही.

त्याच आठवड्यात आमचा शिपाई फायलींच्या निमित्ताने खोलीत आला, दार लोटून घेतले आणि जमिनीकडे पाहत म्हणाला की, त्याला अकरा वर्षांपासून हाच त्रास आहे. नंतर एक शिक्षिका माझ्या पत्नीला भेटायला घरी आल्या. दुसऱ्या बाळंतपणापासून त्यांनी हे कोणालाही सांगितले नव्हते, नवऱ्यालाही नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर स्त्रियांना ही व्याधी फार वेळा होते, आणि त्यांच्या संकोचाला तर आपल्या घरांत तळच नसतो. दोघांनाही डॉक्टरांकडे पाठवले. दोघांपैकी कोणालाही शस्त्रक्रिया लागली नाही. वेळेवर बोलल्याचा हा लाभ.

वहीतील शेवटचा आकडा शून्य आहे. तो बेचाळिसाव्या दिवशीचा. वही मी जपून ठेवली आहे. मुलगा तीस वर्षांचा झाला, तेव्हा एका संध्याकाळी त्याला समोर बसवून ती त्याच्या हाती दिली आणि आजोबांच्या घंगाळाची गोष्ट सांगितली. तो प्रथम संकोचला. मग म्हणाला, “बाबा, मलाही मधूनमधून रक्त दिसते. कसे सांगावे कळत नव्हते.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो.